रीफ टाकीसाठी लाइव्ह रॉक कसा निवडावा

खाऱ्या पाण्याची, प्रवाळ वाढवायची रीफ टाकी मांडायची ठरली की बहुतेक जण आधी माशांची यादी करतात, मग दिव्यांची चौकशी करतात आणि दगड अगदी शेवटी, मिळतील ते उचलून आणतात. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो, न जुळणारा मासा दुसऱ्या कोणाला देता येतो. दगड मात्र एकदा रचले आणि त्यांच्यावर प्रवाळ बसले, की ते बदलायचे म्हणजे सगळी टाकी मोडून पुन्हा मांडायची. म्हणून सगळ्यात आधी विचार करायचा तो दगडाचा.

आणि जांभळा रंग बघून दगड घेऊ नका. नवखा माणूस हमखास तिथेच भुलतो. दगडाच्या दोन गोष्टी बघायच्या: आतून तो किती सच्छिद्र आहे, आणि आजवर तो कुठे कुठे राहून आला आहे. बाकीचं सगळं नंतर.

दगड करतो काय

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे चुनखडीचे सांगाडे. समुद्रात पडून असताना स्पंज, शिंपले, कृमी त्यांना वर्षानुवर्षं पोखरत राहतात आणि आत बारीक बोगद्यांचं जाळं तयार होतं. या बोगद्यांत आणि पृष्ठभागावर जीवाणू, शेवाळ, कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले इवलेसे जीव) आणि कृमी वस्ती करून असतात. आपल्याला हवी असते ती ही वस्ती.

माशांच्या गलफडांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. रीफ टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असा चढा असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. दगडाच्या बाहेरच्या थरात भरपूर ऑक्सिजन मिळतो. तिथले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोलवर ऑक्सिजन जेमतेम पोचतो. तिथले वेगळे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्याबाहेर निघून जातो. यातलं पहिलं काम कुठलाही बरा फिल्टर करतो. दुसऱ्या कामाला मात्र आतपर्यंत पाणी झिरपू देणारा दगड लागतो. घट्ट, जड दगडाला ते जमत नाही, मग तो बाहेरून कितीही रंगीत असो.

जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये, जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी कशी चालते ते जगापुढे मांडलं. पुढच्या दोन दशकांत बर्लिनमधल्या हौशी लोकांनी त्याला प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), तेज दिवे आणि पाण्याचा जोरदार प्रवाह यांची जोड दिली. हीच बर्लिन पद्धत. आजच्या बहुतेक घरगुती रीफ टाक्या याच वळणाच्या आहेत आणि त्यांचा मुख्य फिल्टर दगड हाच आहे.

पायरी पहिली: कोणता दगड घ्यायचा

समुद्रातून थेट काढलेला नैसर्गिक लाइव्ह रॉक एकेकाळी सर्रास मिळायचा. फिजी रॉक, टोंगा ब्रांच ही नावं अजूनही कानावर पडतात. पण रीफवरून दगड काढणं म्हणजे तिथल्या जिवांचा निवाराच उचलून आणणं, आणि आता त्यावर जागोजागी बंधनं आहेत. कठीण प्रवाळ साइटीस या, धोक्यातल्या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात आणि त्यांच्यापासून बनलेल्या लाइव्ह रॉकच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही परवाना लागतो. फ्लोरिडाजवळच्या अमेरिकी सागरी हद्दीत नैसर्गिक लाइव्ह रॉक काढणं १९९७ पर्यंत पूर्ण बंद झालं. किनाऱ्यावर फिरताना सापडलेला प्रवाळाचा तुकडा घरी आणणं अनेक देशांत गुन्हा आहे. तो आणू नका, आणि कागदपत्रं दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याकडूनही घेऊ नका.

समुद्रात ‘वाढवलेला’ दगड हा चांगला मार्ग. खाणीतली चुनखडी भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर ठेवतात आणि काही वर्षांनी, तिच्यावर जीव वसल्यावर, बाहेर काढतात. रीफला हात लागत नाही आणि जैवविविधता भरपूर मिळते. तोटा एकच: चांगल्या पाहुण्यांबरोबर उपद्रवी पाहुणेही येतात.

सुका दगड म्हणजे जमिनीवरच्या जुन्या प्रवाळखडकातून खणून काढलेला किंवा पूर्वी लाइव्ह असलेला आणि नंतर वाळवलेला. यात कीड नसते आणि तो वजनाला हलका मिळतो. तोडून, चिकटवून हवा तसा आकार सावकाश देता येतो. पण त्यात जिवाणूंची वस्ती शून्य असते आणि कधी कधी आत शेवाळाला पोसणारं फॉस्फेट साठलेलं असतं. माणसाने बनवलेले दगडही मिळतात. भाजलेल्या सिरॅमिकचा दगड निर्धोक असतो. सिमेंटचा असेल तर तो सुरुवातीला पीएच चढवतो, म्हणून पाणी बदलत बदलत काही आठवडे भिजत ठेवून, पीएच स्थिर झाल्यावरच वापरायचा.

उरला दुसऱ्याच्या टाकीतला दगड. तो फार चांगला असू शकतो किंवा फार वाईट, मधलं काही नाही. देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: या टाकीत माशांच्या आजारासाठी तांब्याचं औषध कधी घातलं होतं का? चुनखडी तांबं शोषून धरते आणि ते हळूहळू पाण्यात सुटत राहिलं तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी जगत नाहीत. उत्तर ‘हो’ किंवा ‘आठवत नाही’ असेल तर दगड फुकट मिळत असला तरी सोडून द्या. दुसरा प्रश्न शेवाळाचा. वर्षानुवर्षं केसाळ शेवाळाने भरलेल्या टाकीतला दगड फॉस्फेटने माखलेला असतो.

नवख्या माणसाला मी हे सुचवेन: एकूण दगडांपैकी आठ-नऊ हिस्से सुका दगड घ्या, आणि एक-दोन हिस्से समुद्रात वाढवलेला किंवा ओळखीच्या, निरोगी टाकीतला लाइव्ह रॉक. त्या थोड्याशा दगडावरून जीवाणू, कोपेपॉड आणि जांभळं कोरलाइन शेवाळ बाकीच्यांवर पसरतं. नुसत्या सुक्या दगडावर चाललेल्या टाक्यांना पहिल्या वर्षात डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जिवांची आणि तत्सम चिकट साय फार छळते. मूठभर खरा लाइव्ह रॉक असला की जागेसाठी चढाओढ करणारे जीव सुरुवातीपासून असतात आणि त्रास बराच कमी होतो.

पायरी दुसरी: दगड हातात घेऊन बघणे

आधी उचलून बघा. आकाराच्या मानाने हलका वाटला पाहिजे. चांगला दगड वजरीसारखा भोकाभोकांचा असतो. सुका असेल तर त्यावर थोडं पाणी ओता. लगेच जिरलं तर उत्तम, ओघळून गेलं तर दगड घट्ट आहे. टोंगा ब्रांचसारखे बोटांच्या आकाराचे दगड दिसतात सुरेख, पण बहुतेक घट्ट असतात. रचनेत एखादा-दुसरा असू द्या, सगळा भार त्यांच्यावर नको.

मग वास घ्या. ओल्या लाइव्ह रॉकला समुद्राचा, ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास यायला हवा. सडक्या अंड्यांचा वास आला तर आतलं बरंच काही मेलेलं आहे. असा दगड पूर्ण वाया गेलेला नसतो, पण शुद्ध व्हायला वेळ घेतो आणि लाइव्ह रॉकची किंमत त्याला देण्यात अर्थ नाही.

रंगाचं सांगायचं तर जांभळा-गुलाबी थर कोरलाइन शेवाळाचा असतो. तो असणं चांगलंच, कारण दगड नीट सांभाळला गेल्याची ती खूण आहे. पण तो नसला तरी काही महिन्यांत वाढतो. दगडाची भोकं मात्र नंतर वाढवता येत नाहीत. दगडात गंजासारखे पट्टे किंवा धातूची चमक दिसली तर घेऊ नका. व्हिनेगर टाकून फेस येतो का हे बघण्याची चाचणी बरेच जण सांगतात. फेस आला म्हणजे चुना आहे, इतकंच त्यातून कळतं. दगड स्वच्छ आहे की नाही हे कळत नाही.

किती घ्यायचा? जुना ठोकताळा लिटरमागे १२० ते २४० ग्रॅमचा, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला २४ ते ४८ किलो. तो जड दगडांच्या काळातला आहे. हलका, सच्छिद्र दगड असेल तर त्याच्या निम्म्यात छान भागतं, आणि माशांना पोहायला व प्रवाळांना वाढायला जागा उरते. वजनापेक्षा डोळ्यांनी मोजा: दगडांच्या रचनेने टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की थांबा. एकसारखे गोल दगड घेऊ नका, त्यांचा नुसता ढीग होतो. दोन-तीन मोठे, एखादा चपटा फळीसारखा आणि सांधायला थोडे तुकडे, एवढ्यात रचना उभी राहते.

पायरी तिसरी: हाताळणी

ओला दगड ओल्या कागदात किंवा कापडात गुंडाळून, बंद डब्यात, लवकरात लवकर घरी न्या. बाहेर जितका वेळ, तितकी आत मर जास्त.

यापुढचं वाक्य नीट वाचा. लाइव्ह रॉक कधीही उकळू नका, त्यावर उकळतं पाणी ओतू नका, वाफेच्या यंत्राने धुऊ नका. त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे, बटणांसारखे दिसणारे प्रवाळ असू शकतात आणि त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. उकळल्यावर ते वाफेबरोबर हवेत पसरतं आणि श्वासातून शरीरात जातं. अशा वाफेमुळे घरातली सगळी माणसं आणि पाळीव प्राणीही रुग्णालयात पोचल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कोरडे झालेले झोअँथिड घासून काढणंही तसंच धोक्याचं. दगड हाताळताना रबरी हातमोजे घाला, घासायचं असेल तर पाण्याखाली आणि चष्मा लावून घासा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालूच नका. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू अशाच जखमेतून शिरतो आणि त्याचा संसर्ग महिनोन्‌महिने रेंगाळतो.

पायरी चौथी: न बोलावलेले पाहुणे

लाइव्ह रॉक घरी आला की तो थेट टाकीत जाता कामा नये. एका बादलीत खारं पाणी नेहमीपेक्षा जास्त खारट करा, विशिष्ट गुरुत्व १.०३५ ते १.०४० च्या आसपास. दगड त्यात एखाद-दोन मिनिटं बुडवून हलवा. खेकडे, मँटिस कोळंबी आणि बरेच कृमी भोकांतून बाहेर पळतात. नंतर रात्री खोलीत अंधार करून लाल दिव्याच्या टॉर्चने दगड बघा. बऱ्याच जिवांना लाल प्रकाश जाणवत नाही, त्यामुळे ते लपत नाहीत.

सगळ्यात जास्त भेटणारी कीड म्हणजे एप्टेशिया, पारदर्शक तपकिरी, लांब दांड्याचं छोटं समुद्रफूल. एक दिसलं तर दुर्लक्ष करू नका आणि चिमट्याने उपटूही नका, तुटलेल्या तुकड्यातून नवी उगवतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडा, किंवा दगडाचा तेवढा भाग छिन्नीने तोडून टाका. टाकी सुरू झाल्यावर पेपरमिंट कोळंबीही मदत करते. बबल अल्गी, म्हणजे हिरव्या काचमण्यांसारखे फुगे, पाण्याबाहेर काढूनच उखडा. टाकीत फुटले तर पसरण्याची भीती असते. केसाळ अंगाचे आणि काळ्या टोकांच्या नांग्यांचे खेकडे ठेवू नका, ते मोठे झाल्यावर झोपलेल्या माशांवर हात मारतात. मँटिस कोळंबी गोगलगायी फोडते आणि छोटे मासेही मारते. रात्री दगडातून टक्‌टक्‌ आवाज आला की लोक तिच्या नावाने घाबरतात, पण पिस्तूल कोळंबीचा आवाजही तसाच असतो आणि ती फारशी त्रासाची नाही. आधी डोळ्यांनी खात्री करा. दगडावर चिकटलेल्या, टोकदार नळीतून जाळं सोडणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायी दिसल्या तर नळी मोडून तोंडावर सुपरग्लूचा थेंब ठेवा.

ब्रिसल कृमींबद्दल मात्र मी त्यांच्याच बाजूने बोलेन. गुलाबी-तपकिरी, काटेरी केसांचे हे कृमी पाहून नवखे लोक हादरतात आणि सगळे मारायला निघतात. हात लावू नका, केस बोटात रुततात. पण बहुतेक जाती उरलेलं खाद्य आणि मेलेले जीव साफ करतात. त्यांची संख्या फार वाढली तर याचा अर्थ तुम्ही खाद्य जास्त घालत आहात.

कोणत्याही टाकीतून आलेल्या ओल्या दगडाबरोबर माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराचे, क्रिप्टोकॅरिऑनचे, कोषही येऊ शकतात. त्यांना जगायला मासा लागतो. म्हणूनच माशांविना ७६ दिवस दगड ठेवण्याचा नियम रीफ पाळणाऱ्यांत रूढ आहे. खालच्या पायरीतले आठवडे यातच धरा, आणि ते कमी पडले तर उरलेले दिवसही दगड माशांविनाच ठेवा.

पायरी पाचवी: दगड तयार करणे

प्लास्टिकचा मोठा टब घ्या. आरओ-डीआय पाण्यात, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात, मीठ कालवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ वर आणा, म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार). रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, मोजा. हीटर २५-२६ अंश सेल्सिअसवर, एक-दोन पॉवरहेड (प्रवाह देणारे छोटे पंप), जमलं तर स्किमर. दिवे नकोत, प्रकाशात शेवाळ माजतं.

लाइव्ह रॉक या टबात ठेवला की प्रवासात मेलेलं सगळं कुजायला लागतं आणि अमोनिया चढतो. दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया मोजा. तो १ पीपीएमवर (दहा लाख भागांत एक भाग) जाऊ लागला की निम्मं पाणी बदला, म्हणजे दगडावर अजून जिवंत असलेले नाजूक जीव वाचतात. कुजलेला, पांढरट पडलेला स्पंज मऊ ब्रशने पाण्यातच झटकून काढा. पाण्याला दुर्गंधी नाही आणि आठवडाभर अमोनिया व नायट्राइट शून्य, एवढं झालं की दगड तयार. ताज्या दगडाला दोन आठवडे, वाईट प्रवास झालेल्याला सहा आठवडेही लागतात.

सुक्या दगडाची रीत वेगळी. आधी साध्या आरओ-डीआय पाण्यात आठवडा-दोन आठवडे भिजवून फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या वर आलं तर पाणी बदलत राहा किंवा टबात फॉस्फेट शोषणारं माध्यम वापरा. वाळलेले जीव चिकटलेले असतील तर ब्लीचच्या पाण्यात भिजवून, भरपूर धुऊन, क्लोरिन काढणारं द्रव्य वापरून उन्हात कडक वाळवता येतं. काही जण आम्लात बुडवतात. पहिल्या टाकीला मी ते सुचवणार नाही. आणि ब्लीच व आम्ल एकमेकांजवळही नेऊ नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो.

मग खाऱ्या पाण्यात अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर न्या, आणि बाटलीतले जीवाणू सोडा. पण तो थोडासा लाइव्ह रॉकही आताच सोबत ठेवायचा असेल तर अमोनिया १ पीपीएमच्या खालीच ठेवा. कोळंबीचा तुकडा कुजवण्याची जुनी पद्धत चालते, पण किती अमोनिया तयार होतोय याचा अंदाज लागत नाही. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला म्हणजे वस्ती बसली. नायट्राइट त्यानंतरही काही दिवस रेंगाळतं. समुद्री पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने माशांना त्याचा धोका गोड्या पाण्याइतका नसतो, पण नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी खोटा, चढा आकडा दाखवते. तो बघून घाबरू नका.

पायरी सहावी: रचना

दगड टाकीच्या तळावर आधी, वाळू नंतर. वाळूवर रचलेला दगड गोबी मासा किंवा पिस्तूल कोळंबीने खालून उकरला की कोसळतो आणि काच फोडतो. टाकीच्या तळाएवढा पुठ्ठा कापून जमिनीवर ठेवा आणि सुक्या दगडांची रचना तिथे आधी करून बघा. चार-पाच दिवस तशीच राहू द्या. रोज येता-जाता बघितलं की दोष आपोआप दिसतात.

सर्व बाजूंनी काचेपासून आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर काच पुसायचा चुंबक जाणार नाही. उंची टाकीच्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नको, प्रवाळ वर वाढणार आहेत. भिंत रचू नका. दोन बेटं आणि मधून पाण्याला वाट, आत आरपार गुहा: माशांना लपायला जागा आणि प्रवाह मागेपर्यंत पोचला पाहिजे. सांधे जेल सुपरग्लू आणि इपॉक्सी पुटीने पक्के करा, मोठ्या कमानीत अॅक्रिलिकची कांडी घाला. पाण्यात ताजी पुटी वापरल्यावर स्किमर एक-दोन दिवस वेड्यासारखा फेस काढतो, तो आपसूक थांबतो. शेवटी हाताने रचना हलवून बघा. जराही डुगडुगली तर पुन्हा बसवा.

पुढचे महिने

पहिल्या आठवड्यांत दगडावर डायटम या सूक्ष्म शेवाळाची तपकिरी धूळ येईल, मग हिरवं शेवाळ. हे होणारच. दिवे कमी तास लावा, गोगलगायी सोडा, आणि औषधांच्या बाटल्या घेऊन मागे लागू नका. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याचा अट्टहासही नको, डायनोफ्लॅजेलेटना तशीच उपाशी टाकी आवडते. कोरलाइन पसरायला कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची ताकद) ८ ते ११ डीकेएच या एककात आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे रोज वरखाली होऊ नयेत.

नंतर कधी आणखी दगड घालावासा वाटला, तर तो कितीही स्वच्छ दिसला तरी टबातूनच येऊ द्या. मासे असलेल्या टाकीत कच्चा दगड टाकला की आतली मर सगळ्यांना भोवते. आणि आठवड्यातून एकदा, पाणी बदलण्याआधी, पॉवरहेड हातात धरून दगडांच्या फटींतून जोरात प्रवाह सोडा. साठलेला गाळ उडून पाण्यात येईल, तो त्याच वेळी पाण्याबरोबर उपसून टाका. हे केलं नाही तर काही महिन्यांत भोकं बुजतात आणि इतक्या निवडीने आणलेला सच्छिद्र दगड घट्ट दगडासारखाच वागू लागतो.